द्राक्षबागांवरची पहिली उडी

पॅराशूटची उडी म्हटली की आपल्या छात्रांच्या डोळ्यांसमोर आग्रा उभे राहते. हवाई दलाच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये आधी दिवसेंदिवस जमिनीवरचा सराव चालतो. दारातून बाहेर कसे पडायचे, हवेत शरीर कसे ठेवायचे, जमिनीला टेकताना कसे लोळायचे, हे सारे अंगात मुरेपर्यंत पुन्हा पुन्हा करून घेतात. मग मालपुऱ्याच्या मैदानावर सुमारे १,२५० फुटांवरून उडी. छत्री उघडण्याचे काम विमानातल्या तारेला अडकवलेला पट्टा करतो. त्यालाच स्टॅटिक लाईन म्हणतात. अशा पाच उड्या झाल्या, त्यांत एक रात्रीची, की छत्रीधारी सैनिकाला त्याचे पंख मिळतात.

आता दुसरे चित्र पाहा. कॅलिफोर्नियातल्या लोडाय नावाच्या गावाबाहेर सकाळी एक मोटार थांबते. आतून उतरतो तो बँकेतला कारकून असेल, निवृत्त शिक्षिका असेल किंवा कालच अठरा पूर्ण झालेला मुलगा असेल. कागदांवर सह्या होतात, वीस-पंचवीस मिनिटे सूचना दिल्या जातात, आणि वारा अनुकूल असेल तर थोड्याच वेळात तो पाहुणा १३,००० फुटांवरून विमानाबाहेर असतो. उंची आग्र्याच्या दहापट, आणि तयारी आपल्या एका तासिकेपेक्षा कमी.

एक छात्र मला म्हणाला, ‘सर, मग आग्र्यात एवढे दिवस कशाला घालवतात?’ प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर असे की लोडायचा पाहुणा उडी मारतच नाही. त्याला उडीवर नेले जाते. या प्रकाराला टँडम उडी म्हणतात. प्रशिक्षकाच्या पाठीवर दोघांना पुरेल अशी मोठी छत्री असते आणि पाहुणा त्याच्या पोटाशी पट्ट्यांनी बांधलेला असतो. अमेरिकेच्या हवाई नियमांत पाहुण्याला ‘पॅसेंजर’ म्हटले आहे आणि प्रशिक्षकाला ‘पॅराशूटिस्ट इन कमांड’. हा कमांड शब्द आपल्या छात्रांना वेगळा समजावून सांगायला नको. विमानाचे दार उघडल्यापासून जमिनीला पाय लागेपर्यंत प्रत्येक निर्णय एकाच माणसाचा असतो, आणि तो माणूस आपण नसतो. मग पाहुण्याच्या हातात उरते काय? हा कमांड कोणाच्या हाती द्यायचा, एवढाच निर्णय. तो जमिनीवरच घ्यावा लागतो, आणि बहुतेक लोक तो न घेताच विमानात बसतात.

लोडाय सॅक्रामेंटो आणि स्टॉकटन या शहरांच्या मधे, कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात आहे. जमीन तळहातासारखी सपाट. झिनफँडेल या काळ्या द्राक्षासाठी हा भाग प्रसिद्ध आहे आणि १९८६ पासून त्याला वाईनचा स्वतंत्र प्रदेश म्हणून अधिकृत मान्यता आहे. वरून पाहिले तर पूर्वेला सिएरा नेवाडाचे डोंगर, नैर्ऋत्येला माउंट डायब्लोचे शिखर, पश्चिमेला नद्यांच्या फाट्यांनी चिरलेला त्रिभुज प्रदेश, आणि खाली मैलोन् मैल कंगव्याने विंचरल्यासारख्या वेलींच्या ओळी. उत्तरेकडे सोनोमा परगण्यात, तसेच ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या यारा खोऱ्यातही अशाच उड्या होतात. द्राक्ष आणि छत्री यांची ही जोडी योगायोगाची नाही. द्राक्षाला कोरडा उन्हाळा लागतो, उडीला निरभ्र आकाश लागते. शेतीच्या प्रदेशात लहान धावपट्ट्या असतात, वस्ती विरळ असते, आणि शहरातून आठवड्याच्या सुट्टीला येणारे पाहुणेही असतात.

वाऱ्याची गोष्ट मात्र गमतीची आहे. दिवसा हे खोरे तापते. तापलेली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकडून गार समुद्री हवा त्रिभुज प्रदेशातून आत शिरते. स्थानिक लोक तिला ‘डेल्टा ब्रीझ’ म्हणतात. दिवसा ऊन आणि रात्री गारवा, यामुळे द्राक्षात साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. लोडायच्या वाईनचे बरेचसे श्रेय या वाऱ्याचे आहे. पण दुपारनंतर हाच वारा जोर धरू लागला की उड्या थांबवाव्या लागतात. सोनोमाकडे अडचण सकाळची: उन्हाळ्यात तिथे धुके दाटते आणि नियमाप्रमाणे ढगातून उडी मारता येत नाही. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने एक मनाशी धरून जावे, की दिवसाचा मोठा भाग बाकावर बसून आकाशाकडे पाहण्यात जाणार. ‘आज वारा बरा नाही, उद्या या,’ असे सांगणारे केंद्र आपले पैसे बुडवत नाही. उलट त्या केंद्रावर माझा विश्वास वाढेल.

या वाट पाहण्यात एक मोह असतो. आजूबाजूला वाईन चाखण्याची दालने असतात. पण दारूच्या अमलाखाली असलेल्याने उडी मारू नये आणि वैमानिकाने त्याला उडी मारू देऊ नये, असा स्पष्ट नियम आहे. आधी उडी, मग वाईन, या क्रमात तिथे तडजोड नाही.

आता यंत्रणेकडे वळू. एका छत्रीखाली दोघे ही कल्पना ऐकायला सोपी, पण ती प्रत्यक्षात यायला १९८० चे दशक उजाडावे लागले. अमेरिकेत टेड स्ट्राँग आणि बिल बूथ या दोघांनी आपापल्या परीने टँडमची सामग्री तयार केली. १९८४ मध्ये तिथल्या हवाई प्रशासनाने, म्हणजे एफएएने, प्रयोग म्हणून सवलत दिली; नियमांत टँडमला कायमची जागा मिळाली ती २००१ मध्ये. सुरुवातीला अडले ते वेगापाशी. अकरावीच्या भौतिकशास्त्रात आपण शिकतो की पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढता वाढता एका मर्यादेला पोचतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि शेवटी वजनाइतका होतो. पोटावर आडवा पडणारा एकटा माणूस ताशी सुमारे १९० किलोमीटरला स्थिरावतो. दोघे एकावर एक बांधले की वजन दुप्पट होते, पण हवेला सामोरा जाणारा आकार जवळपास एकाचाच राहतो. म्हणजे वेगाचा वर्ग दुप्पट, आणि वेग सुमारे १.४ पट. छात्रांनी गुणाकार करून पाहावा: ताशी २७० किलोमीटरच्या आसपास. त्या वेगात छत्री उघडली तर कापड फाटण्याची भीती, आणि फाटले नाही तर माणसांना बसणारा हिसका फार मोठा.

यावर उपाय निघाला तो ड्रोगचा. विमानातून बाहेर पडल्यावर काही सेकंदांत प्रशिक्षक मागच्या बाजूला एक छोटी छत्री सोडतो. ती लांब पट्ट्याच्या टोकाला फुगून राहते आणि दोघांचा वेग एकट्या माणसाच्या वेगाइतका खाली आणते. पुढे मुख्य छत्री उघडायची वेळ आली की हाच ड्रोग तिला पिशवीतून ओढून काढतो. चित्रफितींत टँडम जोडीच्या वर एक लहानसा फुगा तरंगताना दिसतो, त्याला अनेकजण शोभेची वस्तू समजतात. त्याच्यावाचून टँडम उडी आजच्या रूपात शक्य झाली नसती.

पाहुण्याचे पट्टे वेगळे असतात. त्यांना छत्री नसते. चार जागी, दोन खांद्यांजवळ आणि दोन कमरेजवळ, ते प्रशिक्षकाच्या पट्ट्यांना जोडले जातात. जमिनीवर पट्टे चढवून आवळतात, आणि विमान वर पोचत आले की चारही हूक अडकवून पुन्हा घट्ट करतात. त्या वेळी श्वास घ्यायलाही अवघड वाटते आणि नवखा माणूस हमखास म्हणतो, ‘जरा सैल करा.’ सैल करू नये. लोडायच्या परिसरातच २०११ मध्ये ऐंशी वर्षांच्या एका आजींना हौसेने उडीसाठी नेले होते. विमानातून बाहेर पडताना त्या पट्ट्यांतून निसटू लागल्या आणि प्रशिक्षकाने त्यांना धरून ठेवत खाली आणले. आजी वाचल्या. त्या उडीची चित्रफीत पुढे जगभर पाहिली गेली, आणि बहुतेकांनी आजींच्या धैर्याचे कौतुक केले. मला त्या फितीत पाहण्यासारखे वाटतात ते मांडीचे आणि पाठीचे पट्टे. म्हाताऱ्या, फार सडपातळ किंवा फार स्थूल शरीरावर ते नीट बसवायला जास्त वेळ द्यावा लागतो. आपल्या आईवडिलांना हौसेने कुठे उडीसाठी नेणार असाल, तर हे आधी पाहावे. त्यांना गुडघ्यांचा, पाठीचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊच नये.

विमान वर चढायला साधारण पाव तास ते वीस मिनिटे लागतात. दर हजार फुटांना तापमान सुमारे दोन अंशांनी उतरते; लोडायला खाली ३५ अंश असले तर १३,००० फुटांवर ९ अंश. पातळ सदरा घालून गेलेल्याला उघड्या दारात हुडहुडी भरते, आणि मग ती भीतीची की थंडीची हे त्याचे त्यालाही कळत नाही.

दारात पाहुण्याचे काम मोजके असते. हात छातीवरच्या पट्ट्यांवर. डोके मागे, प्रशिक्षकाच्या खांद्यावर. कंबर पुढे आणि पाय मागे वळवलेले, म्हणजे अंगाला केळ्यासारखा बाक. हा बाक शोभेसाठी नाही. बॅडमिंटनचे फूल कसेही मारले तरी जड टोक पुढे करून पडते, तसे बाकदार शरीर आपोआप पोट खाली करून स्थिर होते. घाबरून पाय पोटाशी घेतले तर जोडी गडगडते, आणि गडगडणाऱ्या जोडीला ड्रोग सोडणे धोक्याचे. प्रशिक्षकाने सांगितलेल्या चार गोष्टींत ही एकच लक्षात राहिली तरी पुरे.

अनेकांना वाटते की पोटात खड्डा पडेल, जत्रेतल्या पाळण्यासारखा. तसे होत नाही. पाळणा वरच्या टोकाला जवळजवळ थांबतो आणि मग एकदम खाली येतो. विमानातून पडणाऱ्या माणसाला मात्र विमानाचा पुढचा वेग आधीच असतो. तो वेग हळूहळू मावळतो आणि खाली जाण्याचा वेग वाढत जातो. हवेचा दाब सारा वेळ अंगावर असतो. दहा-बारा सेकंदांनी वेग स्थिर झाला की पडत असल्याची जाणीवच जाते. कोणी जोराच्या हवेच्या गादीवर पालथे निजवले आहे असे वाटते, आणि आवाज प्रचंड. खालची जमीन अजून इतकी दूर असते की ती जवळ येताना दिसत नाही. हे सारे पाऊण मिनिटाच्या आसपास चालते.

साधारण ५,५०० ते ५,००० फुटांवर प्रशिक्षक मुख्य छत्री उघडतो. ती नीट उघडली नाही, दोऱ्या गुंतल्या, गोल गोल फिरू लागली, तर तो एक मूठ ओढून तिला तोडून टाकतो आणि दुसरी मूठ ओढून राखीव छत्री उघडतो. मुख्य छत्री क्षणात सुटावी यासाठी प्रत्येक खांद्यावर तीन कड्या एकमेकींत ओवलेल्या असतात. ही युक्तीही बिल बूथ यांचीच. प्रत्येक कडी पुढच्या कडीवरचा ताण कमी करते, त्यामुळे शेवटी एक बारीक दोर दोन माणसांचा भार धरून ठेवतो आणि एका हिसक्यात सोडतो. प्रशिक्षक बेशुद्ध पडला तर? त्यासाठी एक छोटे यंत्र बसवलेले असते. ते हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजत राहते. अजूनही मुक्त पतनाचा वेग आहे आणि उंची सुमारे १,९०० फुटांवर आली, असे दिसले की ते राखीव छत्रीचा बंद कापून तिला मोकळी करते. अमेरिकेत टँडमसाठी हे यंत्र सक्तीचे आहे. राखीव छत्री परवानाधारक रिगरनेच घडी करावी, दर १८० दिवसांनी पुन्हा घडी करावी, तिच्या नोंदीच्या कार्डावर सही करावी आणि शिशाचे सील लावावे, असाही नियम आहे.

यंत्रणा इतकी पक्की असल्याने टँडमचे आकडे चांगले आहेत. युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन ही तिथली खेळाची संघटना दहा वर्षांची सरासरी सांगते: सुमारे पाच लाख टँडम उड्यांमागे एका पाहुण्याचा मृत्यू. आकडा दिलासा देणारा आहे. पण तो सरासरीचा आकडा आहे, आणि सगळी केंद्रे सरासरीसारखी नसतात. म्हणून लोडायचीच आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती पालकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी.

ऑगस्ट २०१६ मध्ये तिथे अठरा वर्षांचा एक मुलगा पहिल्या उडीसाठी आला. त्याच्याबरोबर २५ वर्षांचा प्रशिक्षक होता. छत्री उघडली नाही आणि दोघेही गेले. पुढे तपासात कळले की त्या प्रशिक्षकाकडे टँडमसाठी लागणारी वैध पात्रताच नव्हती. त्याला शिकवणाऱ्या माणसाचा शिकवण्याचा अधिकार २०१५ मध्येच काढून घेतलेला होता. तरीही त्याने वर्ग चालवले, आणि कागदांवर सही दुसऱ्याच परीक्षकाची होती. संघटनेने त्या माणसाकडे शिकलेल्या शंभराहून अधिक प्रशिक्षकांची पात्रता तपासायला घेतली आणि अनेकांना पुन्हा प्रशिक्षण घ्यायला लावले. २०२१ मध्ये न्यायालयाने केंद्राच्या मालकाला मुलाच्या कुटुंबाला ४ कोटी डॉलर देण्याचा आदेश दिला, आणि २०२४ मध्ये ज्यूरीने त्या शिकवणाऱ्याला फसवणुकीबद्दल दोषी ठरवले.

त्या मुलाच्या धैर्यात काय कमी होते? काही नाही. त्याने सूचना ऐकल्या असतील, सह्या केल्या असतील, पट्टे चढवले असतील. प्रशिक्षकाचे प्रशस्तिपत्र खरे की खोटे हे त्याला दिसणे शक्यच नव्हते, आणि पाहुण्याने ते विचारायचे असते हे त्याला कोणी सांगितलेलेही नसेल.

इथे आग्रा आणि लोडाय यांतला खरा फरक दिसतो. सैन्यात छात्र किंवा जवान आपल्या छत्रीची घडी कोणी घातली हे विचारत बसत नाही. विचारायची गरज नसते, कारण ती छत्री घडी करणारा, तपासणारा, नोंदवहीत सही करणारा आणि विमानाच्या दाराशी पट्टे पुन्हा चाचपणारा, हे सगळे एकाच साखळीत असतात आणि प्रत्येकाच्या वर कोणीतरी अधिकारी असतो. गणवेशातल्या मुलांना या विश्वासाची सवय लागते, आणि ती चांगली सवय आहे. व्यापारी केंद्रात मात्र आपण ग्राहक असतो. अमेरिकेत वैमानिकाचा, विमानाचा आणि रिगरचा परवाना सरकार देते. टँडम प्रशिक्षकाची पात्रता मुख्यतः खेळाची संघटना आणि छत्री बनवणारी कंपनी ठरवतात. आणि केंद्राने त्या संघटनेचे सदस्य असलेच पाहिजे, असा कायदा नाही. तेव्हा साखळीतली एक कडी आपल्याला स्वतः हातात धरून पाहावी लागते.

विचारायचे काय? नियमच मदतीला येतो. एफएएच्या १०५.४५ या कलमाप्रमाणे टँडम प्रशिक्षकाला उड्यांचा किमान तीन वर्षांचा अनुभव, चौकोनी छत्रीच्या किमान ५०० मुक्त पतनाच्या उड्या, मास्टर दर्जाचा परवाना आणि त्या विशिष्ट सामग्रीचे प्रशिक्षण एवढे लागते. तेव्हा सरळ म्हणावे: ‘माझ्याबरोबर कोण येणार आहे? त्यांचे टँडमचे कार्ड पाहू का?’ केंद्र संघटनेचे सदस्य आहे का, राखीव छत्रीची शेवटची घडी कोणत्या तारखेची, आपोआप उघडणारे यंत्र चालू आहे ना, हेही विचारावे. चांगला प्रशिक्षक हे ऐकून रागावत नाही. तो खिशातून कार्ड काढतो आणि वर दोन गोष्टी जास्त सांगतो. जो हसून टाळतो, ‘अहो, हजारो उड्या झाल्या माझ्या, काळजी कसली,’ असे म्हणतो, त्याच्याबरोबर मी माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याला पाठवणार नाही. भारतात किंवा आणखी कुठे जाल तिथे नियम वेगळे असतील, पण हे प्रश्न तेच राहतील.

सह्यांच्या कागदाबद्दलही एक शब्द. तो अनेक पानांचा असतो आणि त्याचा सारांश असा की काही झाले तर तुम्ही किंवा तुमचे वारस केंद्रावर दावा लावणार नाही. लोक तो रेल्वेच्या फॉर्मसारखा भराभर भरतात. बसून वाचावा. शक्य असेल तर आदल्या दिवशी घरी मागवून आईवडिलांसमोर वाचावा. वाचून उडीला नकार दिला तरी त्यात भित्रेपणा नाही.

छत्री उघडल्यावर एकदम शांतता होते. खाली यायला आणखी पाच-सात मिनिटे लागतात, आणि पाहुण्याला द्राक्षबागा खऱ्या दिसतात त्या याच वेळी. कानात दडे बसतात. नाक धरून हलकेच फुंकले की मोकळे होतात. सर्दी झालेल्याने म्हणूनच त्या दिवशी उडी टाळावी.

वरून हिरव्या गालिच्यासारख्या दिसणाऱ्या या बागा उतरण्यासाठी मात्र वाईट. नाशिक किंवा सांगलीकडचे आपले छात्र हे चटकन ओळखतील: मांडव असो की वाय पद्धत, द्राक्षबाग म्हणजे खांब, अँगल आणि ताणलेल्या तारा. कॅलिफोर्नियातही वेली तारांवरच चढवलेल्या असतात. छत्रीधारी माणूस त्यांवर आडवा गेला तर तार पायात, पोटात किंवा गळ्यात येऊ शकते. म्हणून प्रशिक्षक बाग टाळून मोकळ्या मैदानाचाच नेम धरतो, आणि नाइलाजच झाला तर ओळींना समांतर उतरतो. विजेच्या तारा त्याहून वाईट, कारण वरून त्या दिसतच नाहीत. खांब दिसतात आणि तारा आहेत असे धरून चालावे लागते.

आणि शेवटची सूचना, जी आपल्या छात्रांना सर्वांत अवघड जाईल. आग्र्यात शिकवतात: पाय जुळवा, गुडघे किंचित वाकवा, पाय टेकताच बाजूवर लोळा. टँडममध्ये याच्या नेमके उलटे. जमीन जवळ येताच पाहुण्याने गुडघे छातीकडे घेऊन पाय पुढे उचलून धरायचे. उतरायचे काम प्रशिक्षकाच्या पायांचे, किंवा दोघेही बसल्या बसल्या गवतावर घसरत थांबतात. घाईने पाय खाली टाकले तर दोन माणसांचे वजन एका घोट्यावर येते. जमीन दिसली की पाय खाली जाणे हा शरीराचा स्वभावच आहे, आणि ज्याने लोळण्याचा सराव केला आहे त्याचे पाय तर हमखास जातील. विमानात चढण्यापूर्वी खुर्चीवर बसून पाय वर उचलण्याचा सराव दहा वेळा करावा. वर हवेत असतानाही प्रशिक्षक तो एकदा करून घेतो. मांड्या उचलायची ताकद नसेल तर पायजम्याचा गुडघ्याजवळचा भाग हातांनी धरून पाय ओढून घ्यायचे.

वयाचे राहिले. अमेरिकेत टँडमसाठी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात आणि पालकांच्या संमतीने त्यात सूट मिळत नाही. तेव्हा आपल्या शाळेतल्या बहुतेकांना अजून थांबायचे आहे; तोवर गुणाकार करून वेग काढता येतो आणि खुर्चीवर पाय उचलता येतात. कॅलिफोर्नियात वाईन चाखायला मात्र एकवीस वर्षे लागतात. त्यामुळे अठराव्या वर्षी आकाशातून द्राक्षबागा पाहून आलेल्या पाहुण्याला खाली आल्यावर त्याच द्राक्षांचा फक्त रस मिळतो.